साहेबाचा कट्टा : विजयदुर्गाच्या लेखातल्या एका वाक्याचं प्रकरण

"१८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना हेलियम वायूचा शोध लावला."

मराठी विकिपीडियावर विजयदुर्गाच्या लेखात टाकलेलं हे एक वाक्य. त्या दिवशी खग्रास ग्रहण झालं होतं, हे खरं. हेलियमच्या शोधात लॉकियर या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हेही खरं. लॉकियर विजयदुर्गाला आला होता, हेसुद्धा खरंच. तरी वाक्य खोटं. ते लेखातून काढायला आणि त्या जागी काय लिहायचं ते ठरवायला आम्हाला अडीच महिने लागले. वाक्य लिहिणारी मुलगी माझी विद्यार्थिनी, आणि तिला संगणकासमोर बसवलं होतं मी. म्हणून हे प्रकरण मीच लिहून काढते आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दर जानेवारीत १४ ते २८ तारखांना मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. परिपत्रक येतं, मग निबंध, हस्ताक्षर, काव्यवाचन, समारोपाला पाहुणे आणि नारळ. त्या वर्षी मी त्यात विकिपीडियाची कार्यशाळा घुसवली. मुलं बावीस, चालू संगणक चौदा, उरलेली मोबाईलवर. खातं कसं काढायचं, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, आधी लिहून कसं बघायचं, मग लेखात कसं न्यायचं, हे सकाळच्या सत्रात झालं. जेवणानंतर नियम. दुसऱ्याचा मजकूर उचलू नका, कारण प्रताधिकार. कुणाची बाजू घेऊ नका. आणि प्रत्येक विधानाला संदर्भ द्या.

"संदर्भ म्हणजे नेमकं काय, मॅडम?"

"पुस्तक, वर्तमानपत्र, असं काहीतरी छापील," मी म्हटलं. चहा येऊन थांबला होता, तीन वाजून गेले होते. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि ती त्या मुलीची नाही.

ती गिर्ये भागातली. विजयदुर्ग म्हणजे तिचं अंगणच. लेखात आंग्र्यांचं आरमार होतं, १७५६ साली इंग्रजांनी किल्ला घेतला ते होतं. "पण साहेबाचे कट्टे कुठे आहेत?" तिनं विचारलं. किल्ल्यावर दुर्बिणी ठेवायला बांधलेले म्हणून दाखवतात ते कट्टे. लहानपणापासून ती त्यावर चढून बसत आलेली. मग तिनं एका मराठी दैनिकातला लेख शोधला आणि त्याच्या आधारे वर दिलेलं वाक्य लिहिलं. संदर्भ अगदी नेटका भरला : दैनिकाचं नाव, तारीख, दुवा, पाहिल्याचा दिवस. मी तो पडद्यावर मोठा करून बाकीच्यांना दाखवला. "असा द्यायचा संदर्भ." दुसरी चूक.

वाक्य सात महिने कुणाला खुपलं नाही. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेपासून चालू आहे. लेख आता लाखाच्या घरात गेलेत. पण नियमानं लिहिणारे आणि 'अलीकडील बदल' पाहणारे लोक एवढे थोडे, की जानेवारीतल्या एका दुपारी बावीस मुलांनी केलेल्या बदलांपैकी निम्मे तरी तसेच निसटले असणार. सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे बॉट, शिव्या पकडतात, पान कोरं केलं तर पकडतात. शुद्ध मराठीत, संदर्भासकट लिहिलेलं चुकीचं वाक्य त्यांना दिसत नाही.

ऑगस्टात मात्र विजयदुर्गाची आठवण सगळ्यांना येते. १८ तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, बातम्या येतात, लोक शोधतात आणि शोधणारा पहिल्यांदा विकिपीडियावर पोहोचतो. त्याच संध्याकाळी पुण्याच्या एका जुन्या संपादकानं वाक्य काढलं. बदलाच्या सारांशात लिहिलं : "लॉकियर १८६८ मध्ये भारतात नव्हता. जान्सेन होता, तोही गुंटूरला." (जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ.) तासाभरात मुलीनं परत घातलं : "संदर्भ दिलेला आहे, काढू नये." त्यानं उलटवलं. तिनं परत घातलं आणि आणखी दोन बातम्या जोडल्या. मध्येच एकानं खातं न काढता येऊन लिहिलं : "कोकणचा अभिमान पुसू नका." रात्री दहापर्यंत पानाच्या इतिहासात सहा उलटापालटी.

हा इतिहास बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतो. लेखाच्या डोक्यावर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं. तिथे प्रत्येक जतन केलेली आवृत्ती, कुणी, कधी, किती अक्षरं वाढवली वा कापली, सगळं राहतं. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. भांडण कुठे सुरू झालं हे विचारायला साक्षीदार लागत नाही. गावकीच्या भांडणात हीच सोय नसते.

इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर खातं रोखलं जाऊ शकतं. मराठीत माणसं कमी, नियमाचा बडगा त्याहून कमी. पुण्याच्या संपादकानं चावडीवर विषय काढला. चावडी म्हणजे विकिपीडियावरची सगळ्यांची चर्चेची जागा, नाव अगदी समर्पक. एका प्रचालकानं येऊन पान आठवडाभरासाठी सुरक्षित केलं. त्या क्षणी लेखात मुलीचं वाक्य होतं, म्हणून तेच गोठलं. पुणेकर चिडले : चुकीची आवृत्ती गोठवली! विकिपीडियाच्या जगात हा फार जुना विनोद आहे. प्रचालक कोणतीही आवृत्ती गोठवो, ती कुणाच्या तरी मते चुकीचीच असते. प्रचालकानं एवढंच लिहिलं की त्यानं पान बंद केलंय, वादाचा निकाल दिलेला नाही. दोघांनी चर्चा पानावर यावं.

माझ्या विद्यार्थिनीला याचं नवल वाटलं. प्रचालक म्हणजे मुख्याध्यापकासारखा कोणीतरी, तो सांगेल कोण बरोबर, अशी तिची समजूत. प्रत्यक्षात प्रचालक हा इतर सदस्यांनी कौल देऊन निवडलेला, बिनपगारी स्वयंसेवक. पान वगळणं, सुरक्षित करणं, खातं रोखणं ही हत्यारं त्याच्याकडे असतात. विजयदुर्गाला कोण आलं होतं हे ठरवण्याचा अधिकार त्याला माझ्याहून कणभरही जास्त नाही. सर्व्हर आणि कायदेशीर बाजू सांभाळणारी विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था अमेरिकेत आहे, आणि तीही लेखात काय असावं ते ठरवत नाही. (मला वर्षातून दोन-तीन फोन येतात : "विकिपीडियाचं मुंबईतलं ऑफिस कुठे आहे हो? आमच्या साहेबांच्या पानावर भलतंच लिहिलंय." ऑफिस नाही म्हटलं की समोरच्याला मी काहीतरी लपवते आहे असं वाटतं.)

चर्चा पान उघडलं तेव्हा गंमत अशी, की नियमांच्या हिशेबात मुलगी वरचढ होती. विकिपीडिया 'हे खरं आहे का' असं थेट विचारत नाही, 'हे पडताळता येतं का' असं विचारतो. तिच्यापाशी छापील संदर्भ तीन. पुणेकरांपाशी ज्ञान होतं, पण लेखात त्यांनी एकही संदर्भ दिला नव्हता. "कुणालाही माहीत आहे" हा संदर्भ नव्हे. मी दोघांनाही ओळखत होते, एकीला समोरासमोर आणि एकाला केवळ सदस्यनावानं. कुणाच्याही बाजूनं बोललं असतं तर दुसऱ्याला ते कटकारस्थान वाटलं असतं. म्हणून मी ग्रंथपालाचं काम केलं : सगळे संदर्भ तारखेनुसार लावले.

आधीच्या वर्षांतल्या चार बातम्या निघाल्या. एकीतही माहितीचा उगम दिलेला नाही. दोन बातम्यांत लॉकियरचं नाव सारख्याच चुकीच्या अक्षरांत, म्हणजे एकीनं दुसरीवरून उतरवलेलं. पाचवी बातमी त्याच ऑगस्टातली. ती वाचताना मी थांबले, कारण त्यात माझ्या विद्यार्थिनीचं वाक्य होतं. "निरीक्षण करताना" इथपर्यंत तेच, शब्दन् शब्द. वार्ताहरानं विकिपीडिया उघडला होता, उतरवून घेतलं होतं, आणि दुसऱ्या बाजूनं मुलीनं ती बातमी आपल्या वाक्याचा तिसरा संदर्भ म्हणून लावली होती. आपणच टाकलेलं आमिष आपल्याच जाळ्यात आलं आणि आम्ही ते मासळी म्हणून मोजलं.

वार्ताहराला तरी दोष कसा द्यायचा? आमच्याकडे तालुक्याचा वार्ताहर म्हणजे दुकान, विमा एजन्सी आणि त्यातून उरलेल्या वेळात बातमी. पण हे एकदा दिसल्यावर पाच संदर्भांचे पाच राहिले नाहीत. फार तर एक राहिला, आणि तोही बिनबापाचा.

आता मूळ प्रश्न. १८६८ साली काय झालं?

१८ ऑगस्टचं ग्रहण मोठं होतं. खग्रासपट्टा पश्चिम किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा देश ओलांडून गेला. फ्रान्सचा पियेर जान्सेन गुंटूरला होता. मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला. रॉयल सोसायटीनं पाठवलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता आणि तिथे ढगांनी त्याला चांगलंच छळलं. या वेळी वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग फाकवून दाखवणारं उपकरण, ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांकडे रोखलं गेलं, आणि त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे कळलं. जान्सेनला रेषा इतक्या झळझळीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिसल्याच.

लॉकियर तेव्हा बत्तीस वर्षांचा, लंडनला युद्धखात्यात कारकून. खगोलशास्त्र हा घरचा छंद. ग्रहणाशिवाय ज्वाळांचा वर्णपट पाहता येईल ही कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचलेली होती, फक्त हवं तसं उपकरण कारागिराकडून यायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यानं इंग्लंडातूनच, ग्रहणाबिग्रहणाशिवाय, त्या रेषा पाहिल्या आणि रॉयल सोसायटीला कळवलं. एक पिवळी रेषा सोडियमच्या 'डी' रेषांजवळ होती, पण त्यांच्या जागी नव्हती. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.५ च्या आसपास. जान्सेनचं आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचलं, आणि पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

म्हणजे एका दिवशी, एका जागी, एका माणसानं हेलियम 'शोधला' असं झालंच नाही. पिवळ्या रेषेमागे नवं मूलद्रव्य असावं ही कल्पना लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या कामातून पुढच्या दोन-तीन वर्षांत आकाराला आली. हेलियम हे नाव जाहीरपणे घेतलं गेलं १८७१ मध्ये. प्रत्यक्ष वायू पृथ्वीवर हाती लागला १८९५ साली, विल्यम रॅम्झीला, क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून. २७ वर्षांची गोष्ट आपण एका तारखेत कोंबतो, कारण वर्धापनदिनाला तारीख लागते.

आणि "सर"? लॉकियरला 'सर' ही पदवी १८९७ मध्ये मिळाली. १८६८ च्या वाक्यात तो 'सर' होऊन बसला, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. मलाही आली नाही.

एक गोष्ट तर संदर्भाशिवायही लक्षात यायला हवी होती. ऑगस्टचा मध्य, कोकणपट्टी, विजयदुर्ग. ज्या दिवसांत वाघोटण खाडीच्या मुखाशी होडी लोटायला माणूस दहादा विचार करतो, ज्या दिवसांत तटावरच्या शेवाळावरून पाय घसरतो, त्या दिवसांत सातासमुद्रापलीकडून कुणी नाजूक काचा घेऊन इथे सूर्य बघायला का येईल? हे मी आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, ता पयलाच इचारूचा होता."

मग विजयदुर्गाशी लॉकियरचं नाव जुळलं तरी कसं? इथे आम्ही पंधरा दिवस अडकलो. इंग्रजीत 'विजयदुर्ग' आणि 'लॉकियर' असं शोधलं की १८६८ चीच कहाणी वर येत होती. वाट सापडली ती स्पेलिंगमधून. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत आपला किल्ला 'घेरिया' असतो नाहीतर 'विझियाद्रुग'. विझियाद्रुग म्हणून शोधलं, आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातला अहवालच समोर आला. शीर्षकातच तारीख आणि जागा : २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण, विझियाद्रुग येथील निरीक्षणं. लेखक तीन : लॉकियर, 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान चिझम-बॅटन, आणि कलकत्त्याचे पेडलर. बोटीवरचे अधिकारी आणि खलाशी निरीक्षणाला जुंपलेले होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला सोलापूरकडे जेऊरला गेले होते. रॉयल सोसायटीनं आपली ७० वर्षांपूर्वीची नियतकालिकं २०११ पासून सर्वांना मोफत खुली केली आहेत, म्हणून कोकणातल्या एका ग्रंथालयाला हे बसल्या जागी वाचता आलं. नाहीतर नुसत्या मागणीपत्रांत वर्ष गेलं असतं.

म्हणजे साहेब आला होता. तीस वर्षांनी आला होता, एकसष्ट वर्षांचा, पदवीधारी, सौर वेधशाळेचा संचालक होऊन. आणखी एक घोळ : १८७१ च्या डिसेंबरातलं ग्रहण पाहायलाही तो भारतात आला होता, आणि तेव्हाही त्याचा तळ समुद्रकाठच्या किल्ल्यावरच होता, तो किल्ला केरळातला बेकल. १८६८ चा शोध, १८७१ ची भारतभेट, १८९८ चा विजयदुर्ग. तीन सालं कुठेतरी एकमेकांत मिसळली.

२२ जानेवारी ही तारीख भाषा संवर्धन पंधरवड्यात येते. आमची कार्यशाळा त्याच आठवड्यात झाली होती. खऱ्या वर्धापनदिनाच्या दोन दिवस मागेपुढे आम्ही खोटी तारीख लिहीत बसलो होतो.

सप्टेंबरच्या शेवटी पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा मी आणि ती मुलगी किल्ल्यावर गेलो. पडेल कँटीनला चहा झाला. किल्ल्याखाली एक आबा कोकम सरबत विकतात, वय ऐंशीच्या पुढे. मुलीनं ओळख करून दिली, मी विषय काढला.

"गो बाय, सायब इलो ता खराच," आबा म्हणाले. "माझ्या आज्यान डोळ्यांनी बघलेलो. बोटीतसून इलो, पलटण घेवन इलो. दुर्बिनी लावल्यांनी. आणि भर दुपारी काळोख झालो, कोंबडे आरवाक लागले."

"साल कुठलं, आबा?"

"साल कोण इचारता? आजो तेव्हा झील होतो. दहा-बारा वर्साचो."

मी मनात हिशेब करत होते. आबांचे आजोबा १८६८ ला जन्मलेही नसणार. १८९८ ला दहा-बारा वर्षांचे असणं बरोबर जुळतं. आणि "भर दुपारी". १८६८ चं ग्रहण आपल्या किनाऱ्यावर सकाळचं. १८९८ चं दुपारचं. गावाची आठवण अचूक होती. साल तिच्यात नव्हतंच. ते बाहेरच्यांनी, बहुधा कुठल्यातरी पाठ्यपुस्तकातून, आणून चिकटवलं असावं असं मला वाटतं.

मुलगी परतीच्या वाटेवर खूश होती. "मॅडम, हे लिहूया ना!" आणि मला सांगावं लागलं की नाही लिहिता येणार. आबांचं बोलणं कुठे छापलेलं नाही. आजोबांच्या वयाचा हिशेब माझा, दुपार-सकाळचा मेळ माझा, कट्टे १८९८ चेच असावेत हा तर्कही माझाच. विकिपीडियाच्या भाषेत हे 'मूळ संशोधन', आणि ते तिथे चालत नाही. लेखात येतं ते आधी कुठेतरी, विश्वासार्ह जागी प्रसिद्ध झालेलं. मौखिक साक्षींना संदर्भ मानावं का, याचा एक प्रयोग २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता. मराठी त्यात नव्हती, आणि त्यातून सर्वमान्य नियम काही झाला नाही.

"म्हणजे पेपरातलं खोटं चालत होतं, आणि आबांचं खरं चालत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. उद्या कुणीही येऊन "माझ्या आज्यानं सांगितलं" म्हणत काहीही लिहील, हे कारण मी तिला दिलं. ते बरोबर आहे. पण त्या दिवशी गाडीत ते मलाच फार लंगडं वाटलं.

मसुदा धूळपाटीवर तयार झाला. १८९८ च्या मोहिमेबद्दल वाद उरला नव्हता. पुणेकरांनी एक रास्त मुद्दा काढला की लॉकियरचा स्वतःचा अहवाल हा प्राथमिक स्रोत, त्यावरून अर्थ काढू नयेत. पण कोण, कधी, कुठे होतं एवढं साधं विधान त्यावरून करता येतं, यावर तेही राजी झाले. खरं भांडण एका शब्दावर झालं. त्यांचं म्हणणं, "लॉकियर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला असे चुकीने सांगितले जाते" असं लिहावं. मुलगी 'चुकीने' ला तयार नव्हती. माझी माणसं चुकीची, असं ज्ञानकोशात कायमचं लिहून ठेवणार का, हा तिचा प्रश्न. दोन्हीकडून मिळून जवळपास तीन हजार शब्द लिहिले गेले. एका शब्दासाठी.

तोडगा दुसऱ्याच एका सदस्यानं सुचवला, जो तोवर नुसता वाचत होता : विशेषण काढा, दोन तथ्यं शेजारी ठेवा, वाचकाला डोळे आहेत. शेवटी हे ठरलं :

"२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांची मोहीम विजयदुर्ग येथे आली होती. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकियर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला असे स्थानिक पातळीवर सांगितले जाते. लॉकियर यांचे त्या वर्षीचे निरीक्षण २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडमधून केलेले होते. १८ ऑगस्ट हा दिवस किल्ल्यावर हेलियम दिन म्हणून साजरा केला जातो."

शेवटच्या वाक्याला संदर्भ कुठला दिला? त्याच बातम्यांपैकी एक. परवा किल्ल्यावर कार्यक्रम झाला, हे सांगायला तालुक्याची बातमी उत्तम. दीडशे वर्षांपूर्वी लंडनचा एक कारकून कुठे होता, हे सांगायला तीच बातमी निरुपयोगी. कार्यशाळेत आता मी "पुस्तक, वर्तमानपत्र, असं काहीतरी" म्हणत नाही. कुठल्या विधानाला कुठला संदर्भ, हे शिकवते. त्याला अख्खी दुपार लागते आणि चहा गार होतो.

लेख सुधारला म्हणून गोष्ट सुधारली, असं होत नाही. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्यावर असतो. श्रेय देऊन आणि त्याच परवान्यावर कुणीही तो नेऊ शकतो, आणि श्रेय न देताही नेतातच. जुनं वाक्य सहली काढणाऱ्यांच्या पत्रकांत आहे, यूट्यूबवर किल्ल्याच्या चित्रफितीत आहे, स्पर्धा परीक्षांच्या एका टिपणवहीतही मी ते पाहिलं. माझ्या भाच्यानं मोबाईलवरच्या एआयला विचारलं, तर त्यानं बाणेदारपणे १८ ऑगस्ट १८६८ आणि विजयदुर्ग सांगितलं. ते यंत्र अशाच मजकुरावर शिकलेलं, दुसरं काय सांगणार? दुसऱ्या भाषांतले विकिपीडिया तर वेगळेच. त्यांचे संपादक वेगळे, चर्चा वेगळी. मराठीत झालेलं एकमत तिथे बांधील नाही. तिकडे काय लिहिलंय ते बघायचं काम मुलीनं अंगावर घेतलंय.

दर ऑगस्टात कुणीतरी येऊन जुनं वाक्य परत घालतं. पान माझ्या निरीक्षणसूचीत आहे, पुणेकरांच्याही, आणि आता तिच्याही. ज्याला आधी दिसेल तो उलटवतो आणि चर्चा पानाचा दुवा देतो. मागच्या खेपेला घालणाऱ्यानं रागानं लिहिलं होतं, "तुम्ही कोकणातले नाही, तुम्हाला काय कळणार." उलटवणारी गिर्येची होती. तिनं त्यावर काही लिहिलं नाही.

आबांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सरबताचे पेले विसळले आणि विचारलं, "मग आता बावीस जानेवारीक काय करतलास?"

कट्ट्यांचं वाक्य लेखात आहे : किल्ल्यावरील काही कट्टे 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जातात. त्याला अजून धड संदर्भ मिळालेला नाही, म्हणून शेवटी 'संदर्भ हवा' लटकतं. मुलीनं कट्ट्याचा फोटो काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात, चढवला. तिथे वर्णनात काय, कुठे, केव्हाचं असं भरावं लागतं. काय : साहेबाचा कट्टा. कुठे : विजयदुर्ग किल्ला, देवगड तालुका. बांधकामाचं साल तिनं कोरं सोडलंय.